पॉइंट टू-टू रायफलीसाठी परवडणारी रेड डॉट साईट: विदर्भाच्या उन्हात पारखलेली

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीवर रेड डॉट साईट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचे उपकरण, लावायचे ठरले की बहुतेक जण आधी कंपनीचे नाव विचारतात, मग किंमत विचारतात, आणि ती साईट रायफलीच्या पाठीवर बसणार कशी हा प्रश्न त्यांना पार्सल उघडल्यावर पडतो. माझ्या मते विचाराचा क्रम याच्या अगदी उलट असायला हवा. आपल्या रायफलीवर कोणता माउंट (साईट धरून ठेवणारा पाया) बसतो हे आधी ठरवावे, मग ठिपक्याचा आकार, मग भर उन्हात तो ठिपका दिसतो की नाही, आणि कंपनीचे नाव सगळ्यात शेवटी. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात राहून, जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेंजवर २५ आणि ५० मीटरवर सराव करताना ज्या साईट मी स्वतः वापरल्या किंवा सोबतच्या नेमबाजांच्या रायफलींवर लावलेल्या पाहिल्या, त्यांच्या आधारावर हे लिहीत आहे. आपल्याकडच्या वापरासाठी मध्यम किमतीची, बंद नळीची, २ किंवा ३ एमओए (हे ठिपक्याच्या आकाराचे माप) ठिपक्याची साईट पुरेशी आहे. त्याहून स्वस्त वस्तू घेण्यात पैसे वाया जातात आणि त्याहून महाग वस्तूचा पॉइंट टू-टूवर काही उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही साईट कशासाठी नाही, ते सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. आपल्या भागात रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) उभे पीक झोपवल्याचे दुःख ज्याने सोसले आहे, त्याच्या मनात बंदूक म्हटली की पहिला विचार पिकाचा येतो. तो विचार मला परका नाही. पण पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते आणि तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. एवढ्या जोरावर मोठ्या जनावराला गोळी मारणे म्हणजे त्याला जखमी करून तडफडत सोडणे होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय असे करणे हा गुन्हा आहे. रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे ज्याच्याकडे पॉइंट टू-टू आहे, त्याने ती सरावासाठी आणि लक्ष्यावर नेम धरण्याच्या आनंदासाठी ठेवलेली असते. पुढचे सगळे विवेचन त्याच वापराला धरून आहे.

दुसरी मर्यादा स्पर्धेची. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांमध्येही रायफलीचे वेड वाढले आहे. पण त्या प्रकारात बारीक छिद्रातून पाहायची पीप साईट वापरतात. रेड डॉटला तिथे परवानगी नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला पुढे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये उतरायचे आहे, त्यांच्या पालकांनी रेड डॉटवर एक रुपयाही खर्च करू नये, ते पैसे चांगल्या पीप साईटसाठी किंवा शूटिंग जॅकेटसाठी राखून ठेवावेत.

मग रेड डॉट कोणासाठी? माझे उत्तर असे की ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांच्यासाठी ती खरोखर वरदान आहे. लोखंडी साईटने नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरचे लक्ष्य. तरुण डोळा या तिन्हींमध्ये झटपट फिरतो. पंचेचाळिशीनंतर मागची खाच धूसर होते, माशीही फुगल्यासारखी दिसते, आणि चष्मा घातला तर लक्ष्यच पुसट होते. एनसीसीच्या कॅम्पात पालथे पडून २५ मीटरवर सुरेख ग्रुप (कागदावर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांचा झुबका) मारलेली माणसे पन्नाशीत रायफल कपाटात ठेवून देतात, ती हात थरथरतो म्हणून नव्हे. माशी दिसत नाही म्हणून. रेड डॉटमध्ये एक छोटा एलईडी आतल्या भिंगावर लाल प्रकाश टाकतो, भिंगावरचा विशिष्ट थर तेवढाच लाल रंग डोळ्याकडे परतवतो, आणि ते किरण समांतर होऊन येत असल्यामुळे ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. डोळ्याने फक्त लक्ष्याकडे पाहायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि डोळा भिंगापासून अमुक अंतरावरच हवा असे बंधन नसते. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये अशी पहिली इलेक्ट्रॉनिक साईट बाजारात आणली. आज परवडणाऱ्या किमतीत मिळणाऱ्या सगळ्या साईट त्याच तत्त्वावर चालतात. दुकानात पुष्कळदा हिला लेझर म्हणून दाखवतात, तेव्हा एवढे लक्षात ठेवावे की लेझर लक्ष्यावर प्रकाश पाडतो, तर रेड डॉटचा ठिपका फक्त पाहणाऱ्यालाच दिसतो.

ठिपक्याचा आकार एमओए या मापात सांगतात. १ एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २९ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेचौदा आणि २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटर जागा व्यापतो. हे आकडे ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटशेजारी ठेवून पाहिले की निवड आपोआप सोपी होते. त्या टार्गेटमधले दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, नऊचे २६.४ चे आणि सातचे ५८.४ मिलिमीटरचे असते. २ एमओएचा ठिपका ५० मीटरवर २९ मिलिमीटर भरतो, म्हणजे नऊचे वर्तुळ झाकून किंचित बाहेर येतो. ४ एमओएचा ठिपका ५८ मिलिमीटर भरतो, म्हणजे सात, आठ, नऊ, दहा ही सगळी वर्तुळे त्याच्याखाली गडप होतात. लोखंडी पत्र्याचे तबक पाडण्याचा खेळ असेल आणि वेग महत्त्वाचा असेल तर ४ किंवा ६ एमओएचा ठिपका डोळ्यात पटकन भरतो. पण कागदावर ग्रुप मोजायची आवड असलेल्याने २ किंवा फार तर ३ एमओएच्या वर जाऊ नये. ३ एमओएच्या ठिपक्याने मी २५ मीटरवर अगदी समाधानाने सराव केला आहे, कारण तिथे तो २२ मिलिमीटरच भरतो आणि टार्गेटमधल्या काळ्या गोलाच्या (बुलच्या) मधोमध नीट बसवता येतो. ५० मीटरवर मात्र २ एमओएचा ठिपका मंद करून वापरला तर ग्रुप स्पष्टपणे आवळतो. ठिपका गरजेपेक्षा जास्त प्रखर ठेवला तर त्याच्याभोवती तेज पसरते आणि २ एमओएचा ठिपकाही ४ चा होऊन बसतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

आता उन्हाचा प्रश्न, ज्याबद्दल परदेशी परीक्षणांमध्ये फारसे काही वाचायला मिळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि सकाळी दहा वाजल्यापासूनच जमीन डोळ्यांत टोचू लागते. स्वस्त साईटचा ठिपका दुकानाच्या सावलीत लालबुंद दिसतो आणि रेंजवर पांढऱ्या कागदासमोर पार विरघळून जातो. म्हणून साईट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पारखूच नये. दुकानदाराला विनंती करावी, बाहेर यावे, आणि भर दुपारी चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे पाहावे. सगळ्यात वरच्या पातळीवर ठिपका त्या पांढऱ्या भिंतीवर कडा सुटी दिसेल इतका उठून दिसला, तर ती साईट आपल्या भागात चालेल. वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या कापसाच्या शेताकडे तोंड करून पाहिले तर याहूनही कठीण परीक्षा होते: बोंडांचा पांढरा रंग, मधूनमधून वाळलेल्या पानांचा तांबूस रंग, आणि त्यावर लाल ठिपका. ज्या साईटचा ठिपका तिथे शोधावा लागला नाही, त्या साईटने मला रेंजवर कधी दगा दिला नाही. (हे सगळे पाहणे साईट रायफलीवर न लावता, नुसती हातात धरून करायचे, गावात किंवा शेतात रायफल रोखण्याचे काही कारण नाही.) उजेड वाढवण्याइतकाच तो कमी करता येणेही महत्त्वाचे आहे, कारण हिवाळ्यात सकाळी धुक्यात रेंजवर गेलो की मधली पातळीही डोळ्यांना जड वाटते.

ठिपका गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फुटलेला दिसतो, अशी तक्रार बरेच जण करतात आणि साईट परत करतात. त्यातल्या अनेकांच्या साईटमध्ये काहीच बिघाड नसतो. दोष डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) असतो. याची परीक्षा सोपी आहे. साईट हातात धरून डोळ्यासमोर हळूहळू फिरवावी. ठिपक्याची शेपटी साईटबरोबर फिरली तर दोष साईटमध्ये आहे, शेपटी जागच्या जागी राहिली तर दोष डोळ्यात आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपक्याचा फोटो काढला तरी हेच कळते. दृष्टिवैषम्य असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा; तेवढ्याने भागले नाही, तर एलईडीच्या साईटऐवजी भिंगात कोरलेल्या रेघांची साईट किंवा साधा चारपट मोठे दाखवणारा स्कोप घेणे शहाणपणाचे ठरते.

माउंटबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि काडतुसे इथेच वाया जातात. बाजारातल्या बहुतेक रेड डॉट साईट पिकॅटिनी किंवा वीव्हर पट्टीसाठी बनलेल्या असतात. पिकॅटिनी पट्टी सुमारे २१ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने आडव्या खाचा असतात. आपल्याकडच्या पॉइंट टू-टू रायफलींच्या पाठीवर मात्र, विशेषतः वडिलोपार्जित ब्रनोसारख्या जुन्या युरोपीय रायफलींवर, ११ मिलिमीटरची अरुंद खाचणी असते. ती नळीच्या दिशेने सरळ जाते आणि तिच्यात आडव्या खाचा नसतात. काही अमेरिकी रायफलींची खाचणी याहूनही अरुंद, पाऊण इंचाच्या निम्मी, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची असते. ११ मिलिमीटरचा माउंट तिच्यावर बसल्यासारखा वाटतो, पण पकडत नाही. म्हणून साईट मागवण्याआधी व्हर्निअर कॅलिपरने आपल्या रायफलीची खाचणी मोजावी. गावात कॅलिपर नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी मोटार रिवाइंडिंग किंवा लेथवाल्याकडे तो हमखास असतो. मात्र लेथवाल्याकडे रायफल घेऊन जाऊ नये, तो कॅलिपर थोड्या वेळासाठी मागून आणावा.

खाचणी ११ मिलिमीटरची निघाली तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे थेट ११ मिलिमीटरच्या पायासह येणारी साईट शोधणे. अशा साईट मोजक्या असतात, पण बसतात छान. दुसरा मार्ग म्हणजे ११ मिलिमीटरवरून पिकॅटिनीवर नेणारा अडॅप्टर. अडॅप्टर घेतला की साईटची उंची वाढते, आणि पॉइंट टू-टूचा दस्ता मुळात लोखंडी साईटच्या बेताने खाली उतरता असल्यामुळे गाल दस्त्यावर टेकवला की डोळा साईटच्या खाली राहतो. मग माणूस मान उचलून, हनुवटी टेकवून नेम धरतो. प्रत्येक वेळी हनुवटी वेगळ्या जागी टेकते आणि ग्रुप वर-खाली पसरतो. लष्करी धाटणीच्या रायफलींसाठी साईटबरोबर जो उंच ठोकळा दिलेला असतो, तो पॉइंट टू-टूवर कधीच लावू नये. डब्यात दोन माउंट असतील तर बुटका निवडावा. तरीही डोळा खालीच राहत असेल तर दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून तिच्यावर कापडी टेप गुंडाळली की काम भागते.

अडॅप्टरचा तुकडा एकसंध लांब असावा, दोन सुटे तुकडे घेऊ नयेत. त्याचे स्क्रू घट्ट करण्याआधी खाचणीतले जुने तेल पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसून काढावे, स्क्रूच्या आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या चिकट द्रवाचा) एखादा थेंब लावावा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून थोडेथोडे आवळावेत. लाल थ्रेडलॉकर लावू नये, तो पुन्हा सुटत नाही. आवळून झाल्यावर माउंटच्या कडेला खाचणीवर पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधी ग्रुप सरकला, तर रेघ तुटली आहे का एवढे पाहिले की दोष माउंटचा की साईटचा हे लगेच कळते.

दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या, नाव नसलेल्या उघड्या काचेच्या साईटबद्दल माझा अनुभव वाईट आहे. ऑनलाइन मागवलेली अशी एक साईट मी आवडीने लावली. काच स्वच्छ होती, ठिपक्याचे चार आकार बदलता येत होते, आणि दिसायला ती देखणी होती. पण डावी-उजवी सरकवणारा स्क्रू फिरवला की ठिपका बाजूबरोबर वरही सरकायचा, आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो की ग्रुप कालच्या जागेवर नसायचा. पॉइंट टू-टूला धक्का नगण्य असतो, त्यामुळे धक्क्याने ती बिघडली असे म्हणायलाही जागा नव्हती. आतली स्प्रिंगच निकृष्ट होती. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, कारण वस्तू वापरलेली होती. त्या साईटच्या मागे जेवढी काडतुसे उडवली तेवढ्याच्या किमतीत बरी साईट घेण्याकडे अर्धी मजल गेली असती. उघड्या काचेच्या चांगल्या साईट नसतातच असे नाही, पण त्या महाग असतात. आणि काळ्या मातीची धूळ उघड्या एलईडीवर बसली की ठिपका तुटका दिसू लागतो. म्हणून आपल्या भागासाठी दोन्ही बाजूंनी काच असलेली बंद नळीची साईटच बरी.

परवडणाऱ्या आणि भरवशाच्या गटात मी चार नावे घेईन. या सगळ्या अमेरिकेत साधारण शंभर ते दोनशे डॉलरच्या आतबाहेर विकल्या जातात. आपल्याकडे येईपर्यंत शुल्क, कर आणि विक्रेत्याचा नफा चढतो, म्हणून भारतीय भाव एकाच ठिकाणी विचारून ठरवू नये.

बुशनेलची टीआरएस-२५ ही पॉइंट टू-टूवाल्यांची जुनी आवडती साईट आहे. ३ एमओएचा ठिपका, २५ मिलिमीटरची नळी, उजेडाच्या ११ पातळ्या, आणि मुळातच बुटका पाया, त्यामुळे अडॅप्टर लावूनही उंची फार वाढत नाही. वजन इतके कमी की रायफलीचा तोल बदलत नाही. तिचे दोष दोन. उजेडाची चकती घट्ट असते आणि हिवाळ्यात गार बोटांनी ती फिरवणे त्रासाचे होते. आणि बॅटरी सुमारे तीन हजार तास चालते, ती आपोआप बंद होत नाही. तीन हजार तास म्हणजे सव्वाशे दिवस. आखाडीला चालू राहिलेली साईट दिवाळीच्या आसपास मिटलेली सापडणार. तरीही २५ मीटरवर सराव करणाऱ्या, पैशाचा विचार करणाऱ्या माणसाला मी हीच सुचवतो.

सिग सॉअरची रोमियो-५ आणि होलोसनची एचएस४०३बी या दोघी एकमेकींच्या तोडीच्या आहेत. दोन्हींचा ठिपका २ एमओएचा, दोन्हींचा एक क्लिक (ठिपका सरकवण्याच्या स्क्रूचा एक टप्पा) अर्ध्या एमओएचा, दोन्ही न हलवता ठेवल्या की झोपतात आणि रायफल उचलली की जाग्या होतात. बॅटरीचे आयुष्य सिगवाले चाळीस हजार तास सांगतात, तर होलोसनवाले पन्नास हजार तास. वर्षाच्या वर्षाला सेल बदलायची शिस्त ठेवली तर या फरकाला व्यवहारात काही अर्थ राहत नाही. दोन्हींबरोबर बुटका आणि उंच असे दोन्ही माउंट येतात, त्यातला बुटकाच वापरायचा. ५० मीटरवर कागदावर नेम धरायचा असेल तर या दोघींपैकी जी सेवा आणि बिलासह मिळेल ती घ्यावी. माझा कल किंचित होलोसनकडे आहे, कारण पांढऱ्या भिंतीसमोर तिचा ठिपका मला अधिक काटेकोर दिसला. चौथी साईट व्होर्टेक्सची क्रॉसफायर. तिचा ठिपकाही २ एमओएचाच, काच सुंदर, बांधणी दणकट. पण व्होर्टेक्सची ख्याती ज्या आजीवन हमीसाठी आहे, त्या हमीचा लाभ घ्यायला वस्तू साता समुद्रापार पाठवावी लागणार असेल, तर त्या हमीचे मोल आपल्यासाठी निम्मे होते.

साईट बसवल्यावर शून्य करणे, म्हणजे आमच्या रेंजवरच्या भाषेत झिरो करणे (ठरलेल्या अंतरावर गोळी ठिपक्याच्याच जागी पडेल अशी साईट जुळवणे), हे काम घाईने करू नये. रायफल रेतीच्या पिशव्यांवर टेकवावी, नळी कशालाही टेकू देऊ नये, आणि एकाच डब्यातली काडतुसे वापरावीत, कारण पॉइंट टू-टू काडतुसांच्या बाबतीत फार चोखंदळ असते. आधी २५ मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप मारावा. टीआरएस-२५ चा एक क्लिक १ एमओएचा, म्हणजे २५ मीटरवर सव्वासात मिलिमीटरचा असतो. अर्ध्या एमओएच्या साईटवर तो साडेतीन मिलिमीटरच्या जरा वर जातो. पट्टीने मोजून तेवढेच क्लिक द्यावेत, अंदाजाने फिरवत बसू नये. मग साईटची खरी परीक्षा घ्यावी: दहा क्लिक उजवीकडे देऊन ग्रुप मारावा, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, आणि पाचवा ग्रुप पहिल्याच्या जागी येतो का ते पाहावे. चौकोन सरळ आला आणि शेवट सुरुवातीवर येऊन मिळाला, तर साईट ठेवावी. चौकोन तिरका आला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करावी.

बुटक्या माउंटवर ५० मीटरला शून्य केलेली रायफल २५ मीटरवर साधारण दीड सेंटिमीटर वर मारते, आणि २५ ला शून्य केली तर ५० वर सुमारे तीन सेंटिमीटर खाली मारते. १०० मीटरवर साध्या वेगाचे काडतूस वीत-सव्वा वीत खाली उतरते, म्हणून तिथे रेड डॉटचा अट्टहास करू नये. जवळच्या अंतरावर डोळा मध्यापासून सरकला तर ठिपका लक्ष्यावरून थोडा सरकतो, कारण या साईट साधारण ५० यार्डांच्या पुढच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. २५ मीटरवर ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची सवय लावली की ही चूक उरत नाही. आणि अंतर कोणतेही असो, मागे मातीची भक्कम बट (गोळी अडवणारा बांध) असल्याशिवाय एकही गोळी सोडू नये. ही छोटी दिसणारी गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि आपल्या रानात निंदणीला, वेचणीला बाया-माणसे कुठे ना कुठे असतातच.

छऱ्याच्या बंदुकीवर हीच साईट लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो, आणि पॉइंट टू-टूवर वर्षानुवर्षे टिकलेली साईट तिथे लवकर ढिली पडते. घरातल्या मुलांच्या सरावासाठी हवी असेल तर त्या बंदुकीसाठी बनलेली वेगळी साईट घ्यावी.

सेल आणि साठवण याबद्दल आपल्या भागापुरते थोडे सांगतो. वरच्या चारही साईट सीआर२०३२ सेलवर चालतात. हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा चपटा सेल मोटारीच्या रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात लागत असल्याने तालुक्याच्या बाजारात मिळतो, पण तिथे तो दुकानात किती वर्षे पडून आहे हे सांगता येत नाही. पाकिटावरची तारीख पाहून घ्यावा आणि एक जास्तीचा सेल रायफलीच्या पिशवीत ठेवावा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे तापमान ६० च्या पुढे सहज जाते. तिथे साईट ठेवली तर सेल फुगतो आणि भिंग बसवलेला डिंक मऊ पडतो. टिनाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवणेही तितकेच वाईट. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाकावी, आणि काचेवरची काळ्या मातीची धूळ दुपट्ट्याच्या टोकाने कधीही पुसू नये. आधी फुंकणीने उडवावी, मग चष्म्याच्या कापडाने टिपावी. त्या मातीतले बारीक कण काचेवरचा थर ओरखडतात, आणि थर गेला की ठिपकाही फिका होतो.

खरेदी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच करावी, पक्के बिल घ्यावे, आणि बिलावर साईटचा अनुक्रमांक लिहून मागावा. नामांकित कंपन्यांच्या नावाने खेळण्यातल्या बंदुकांसाठी बनवलेल्या हुबेहूब नकला ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. निम्म्याहून कमी भाव दिसला की ती नक्कल समजावी. परदेशातून थेट मागवायचे असेल तर आयातीचे नियम त्या विक्रेत्याकडून आधी समजून घ्यावेत, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकते. आमच्या भागातल्या एका जुन्या विक्रेत्याकडे मी गेलो की ते साईट हातात देऊन म्हणतात, “सावकाश पाहा जी, उन्हात नेऊन पाहा.” असा दुकानदार ज्याला सापडेल, त्याने शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी तिथूनच घ्यावे, कारण माउंट चुकीचा निघाला तर बदलून देणारा, आणि चौकोन तिरका आला तर वस्तू परत घेणारा तोच असतो.